‘हॅम्लेट’वरची माझी ही चार इंग्रजी वाक्ये कशी सुधारावीत?

तुमची चारही वाक्ये मी दोनदा वाचली. त्यांत व्याकरणाच्या चुका आहेतच, पण पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवताना मला आलेला अनुभव असा की, शेक्सपिअरवरचे वाक्य दुरुस्त करायला बसले की नाटकाचे पुस्तकही पुन्हा उघडावे लागते. म्हणून खाली भाषेची दुरुस्ती आणि आशयाची दुरुस्ती मी वेगळी काढलेली नाही.

पहिले वाक्य, ‘हॅम्लेट वॉज डिलेइंग हिज रिव्हेंज बिकॉज ही वॉज हॅविंग डाउट ऑन द घोस्ट.’ नाटकातल्या घटना साध्या वर्तमानकाळात सांगण्याचा इंग्रजी समीक्षेत संकेत आहे, त्यामुळे ‘वॉज डिलेइंग’ऐवजी ‘डिलेज’ हवे. ‘हॅविंग डाउट ऑन’ हे तर आपल्या ‘भुतावर संशय’मधल्या ‘वर’चे इंग्रजी रूप आहे, ‘डाउट्स द घोस्ट’ एवढे पुरते. मात्र इतके करूनही वाक्य अर्धेच खरे ठरते. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस हॅम्लेटला शंका वाटते की, मृत वडिलांच्या भुताच्या रूपाने सैतान तर आला नसेल ना. पण तिसऱ्या अंकातल्या नाटकातल्या नाटकात राजाच्या कानात विष ओतले जाताच क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटचा काका आणि आताचा राजा, उठून जातो आणि भुताच्या शब्दावर आपण हजार पौंड लावायला तयार आहोत, असे हॅम्लेट आपला मित्र होरेशिओ याला सांगतो. संशय तिथे फिटतो, विलंब मात्र संपत नाही. (आगरकरांनी १८८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ, असे नाव दिले, त्या नावात सुडाचा उल्लेखही नाही, हे या संदर्भात मला नेहमी सूचक वाटते.) म्हणून दोन शब्द वाढवा: ‘हॅम्लेट ॲट फर्स्ट डिलेज हिज रिव्हेंज बिकॉज ही डाउट्स द घोस्ट.’

दुसरे वाक्य, ‘क्लॉडियस किल्ड हॅम्लेट्स फादर बाय पुटिंग पॉयझन इन द इअर अँड मॅरिड विथ गर्ट्रूड,’ सोपे आहे. ‘गर्ट्रूडशी लग्न केले’ यातला ‘शी’ इंग्रजीत लागत नाही. खून आणि लग्न पडदा उघडण्यापूर्वीच झालेले असल्याने ‘हॅज मर्डर्ड’ आणि ‘हॅज मॅरिड’ ही रूपे घ्या, आणि ‘पोअरिंग पॉयझन इन्टु हिज इअर’ असे लिहा.

तिसरे वाक्य मला सर्वांत आवडले: ‘दो हॅम्लेट सीज क्लॉडियस प्रेइंग, बट ही डज नॉट किल हिम.’ ‘जरी’च्या जोडीला ‘तरी’ येण्याची आपली सवय ‘बट’ला ओढून आणते, इंग्रजीत दोहोंपैकी एकच ठेवावा. पण ‘का मारत नाही’ हे वाक्यात आले नाही तर परीक्षक तिथेच थांबेल. प्रार्थना करताना मारले तर क्लॉडियसचा आत्मा स्वर्गात जाईल, आणि आपले वडील तर पापांची कबुली देण्याचीही संधी न मिळता गेले, असा हॅम्लेटचा हिशेब आहे. तो निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि कबूल करतो की, आपले शब्द वर गेले तरी मन खालीच राहिले; म्हणजे ती प्रार्थना पोकळ होती. ही सगळी गंमत ‘ॲपेरंटली’ या एका शब्दात मावते: ‘ऑल्दो हॅम्लेट फाइंड्स क्लॉडियस ॲपेरंटली ॲट प्रेअर, ही डज नॉट किल हिम, फॉर ही फिअर्स दॅट द किंग्ज सोल विल गो टु हेवन.’

चौथे वाक्य, ‘इन द एंड एव्हरीवन डाइज अँड हॅम्लेट टेक्स रिव्हेंज फ्रॉम क्लॉडियस.’ सगळे मेल्यावर सूड घेतला, असा याचा क्रम लागतो! शिवाय सगळे मरत नाहीत. होरेशिओ उरलेले विष पिऊ पाहतो, पण घडलेली हकिगत सांगायला तू राहा, असे म्हणून हॅम्लेट त्याला अडवतो. ‘फ्रॉम’ हे ‘त्याच्याकडून बदला’मधून आले असावे, ‘त्याच्यावर सूड उगवला’ असा विचार केला असता तर ‘ऑन’ आपोआप सुचले असते. ‘रिव्हेंज’ क्रियापद म्हणून वापरू नका. भूत स्वतः तसे वापरते, पण आजच्या लेखनात त्या जागी ‘अव्हेंज’ येते आणि त्याचे कर्म असते ज्याच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती किंवा तो अन्याय. तरीही इथे ‘अव्हेंजेस हिज फादर’ लिहिण्याचा मोह मी टाळेन, कारण शेवटचा वार करताना हॅम्लेट आईचा, म्हणजे गर्ट्रूडचा, उल्लेख करतो, वडिलांचा नाही. तेव्हा तुमचाच शब्द ठेवून असे लिहा: ‘इन द फायनल सीन हॅम्लेट टेक्स हिज रिव्हेंज ऑन क्लॉडियस, बट गर्ट्रूड, लेअर्टीझ अँड हॅम्लेट हिमसेल्फ ऑल्सो डाय.’