मामाच्या मळ्यावर जाण्याआधी

बाळ,

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तू चिकोडीकडे मामाच्या मळ्यावर निघालास, असं आईकडून कळलं. उसाचा एक फड अजून उभा आहे म्हणे, विजयपूरकडची ऊसतोड टोळी उतरली आहे. तो तुटला की मे महिन्यात उन्हाळी भुईमूग काढायचा. म्हणजे सुट्टी संपलीच म्हणायची!

मामा पहिल्याच दिवशी तुझ्या हातात वही देईल. "शिकलेला हाईस, हिशेब लिही" म्हणेल. चार दिवस थांबा म्हण. आधी कोयता घे. ऊस जमिनीलगत तोडायला शीक. बुडख्यात साखर जास्त असते, आणि जमिनीत उरलेलं धस उंच राहिलं की खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारा पुढचा ऊस, नीट फुटत नाही. वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळी बांधायला शीक. ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढायला मात्र तुला जमणार नाही. मलाही जमलं नव्हतं. तिसऱ्या पावलाला फळी लवते आणि मान खांद्यात रुतते. मागून आलेल्या बाईनं माझी मोळी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापून आलेली. हिशेबात ती आणि तिचा नवरा मिळून एकच 'कोयता'. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

आता वहीचं. मी वही लिहिली त्या साली ऊस फार होता, गाळप एप्रिल सरेपर्यंत चाललं. कारखान्याच्या वजनकाट्यावरून आलेला ट्रॅक्टरवाला वजन ओरडून सांगायचा आणि मी बांधावर बसून लिहायचो. एकदा तो "एकवीस" म्हणाला. मी कानावर गेलो, आधी एक, मग वीसातले दोन. वहीत पडले १२ टन. नऊ टन गेले, म्हणजे दहा कोयत्यांची निम्म्या दिवसाची मेहनत. आगाऊ घेतलेली उचल त्याच टनांतून फिटायची. शनिवारी हिशेब वाचला तेव्हा तीच बाई शांतपणे म्हणाली, "इप्पत्तोंदु." कन्नडात आधी वीस येतात, मग एक. तिला अक्षर येत नव्हतं. पदराच्या गाठी मोजत होती. मी वाद घातला, तोही मोठ्या आवाजात. शेवटी पावती काढली. कुणी मला बोललं नाही. मुकादमानं फक्त वही माझ्या हातातून घेतली.

तेव्हा वही घेशील तर पावती बघून लिही, आणि रोज संध्याकाळी खोपीपाशी मोठ्यानं वाच. बायकांसमोरसुद्धा. मामाला आवडणार नाही, पण वाच.

आपल्याकडे पाट्यांच्या भाषेवरून डोकी तापतात, तुला ठाऊकच आहे. फडात ते विसर. "अक्का, ऊट आतेन्री?" एवढं विचारता आलं तरी चालेल. पण विचारलंस तर उत्तर ऐकायला थांब; कधी उत्तर "नाही" येतं.

खोपीत एखादी नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला काखेत घेऊन बसलेली दिसेल. तिचा फोटो काढू नकोस.

पूर्ण बाह्यांचा शर्ट ने, बाबांचा जुना चालेल. उसाच्या पात्यानं हात चिरतात आणि त्यावरची बारीक कूस टोचून अंग दोन दिवस खाजतं. पाणी टोळीच्याच घागरीतलं पी. घरून थंड बाटली आणलीस तर सगळ्यांना पुरेल एवढी आण.

पोचलास की फोन कर.

तुझा,
काका