केरळला जा, पण तारीख पगाराला विचारून ठरव

अगं, चौघी मैत्रिणी मिळून डिसेंबरात केरळला जाऊ का आणि पैसे हप्त्यांवर भरू का, असं विचारलंयस. जायचंच, त्यात काही वाद नाही. या वयात मैत्रिणींबरोबर नाही फिरणार तर काय गुडघे बोलायला लागल्यावर फिरणार? ‘ताई, तुम्ही ओरडाल माहितीये’ असं लिहिलंयस, तर ओरडत नाहीये. फक्त तो जो स्क्रीनशॉट पाठवलास ना, २५ डिसेंबरला निघणारं ३८,००० चं पॅकेज आणि खाली हिरव्या अक्षरात ‘६ महिने नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी मासिक हप्ते, त्याच्याबद्दल बोलायचंय.

नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही. कर्ज देणारा व्याज घेतोच, ते विकणारा ‘डिस्काउंट’ म्हणून भरल्यासारखं दाखवतो, आणि तेवढे पैसे त्याने कुठेतरी किमतीत काढलेले असतात. वर प्रोसेसिंग फी असते, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो तो तुझ्याच खिशातून जातो. एक साधी गोष्ट कर, त्यांना फोन करून विचार की मी सगळे पैसे आज एकरकमी भरले तर काय भाव लावाल. भाव खाली आला की समजायचं ईएमआयची किंमत तेवढी. आणि कुठलंही कर्ज ॲपवर घ्यायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ उघडून बघायचं. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना प्रत्येक रिटेल कर्जाला ते देणं बंधनकारक केलंय, त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, फी वगैरे सगळं धरून वर्षाला खरे किती टक्के पडतात ते तिथे कळतं. बाकी जाहिरात वाचू नकोस, तो एकच आकडा वाच.

तुला माहितीये मी आमच्या ऑफिसच्या पतपेढीच्या कमिटीवर बरीच वर्षं होते. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असायचा आणि एप्रिल महिन्यात निम्म्या अर्जांवर ‘घरगुती अडचण’ लिहिलेलं यायचं, आणि दुपारच्या चहापर्यंत शिपायापासून सगळ्यांना कळलेलं असायचं की साहेब मनालीला चाललेत. त्याचं काही नाही, हौस कोणाला नसते. गंमत पुढे असायची. तीच माणसं जूनमध्ये पुन्हा काउंटरवर, कारण शाळेच्या फिया, वह्या, रेनकोट, आणि पगारातून मनालीचा हप्ता कापलेला. दुसरं कर्ज खरंच घरगुती अडचणीचं असायचं. तरी पतपेढीचं व्याज बरं, बाहेरचा एजंट ‘फक्त दीड टक्का मॅडम’ म्हणतो तेव्हा तो महिन्याचा आणि फ्लॅट दीड टक्का असतो. ६०,००० वर बारा महिन्यांत १०,८०० व्याज, हप्ता ५,९००. तू दर महिन्याला मुद्दल फेडत असतेस पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर चालू राहतं, म्हणून वर्षाचा खरा दर १८ नाही पडत, ३२ च्या आसपास जातो. आणि क्रेडिट कार्डावर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून बाकीचं पुढे ढकलायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात, आणि बिल थकलं की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे साधं दूध-ब्रेड घेतलंस तरी त्या दिवसापासून मीटर चालू.

आता तुझा हिशोब. हातात येतात ३४,०००. घरी १२,०००, एसआयपी ३,०००, पास आणि रिक्षा अडीच, फोन-बिन एक, डबा आणि ऑफिसातलं खाणं साडेतीन. हे झाले २२,०००. उरलेल्या १२,००० समोर तू ‘इकडेतिकडे’ असं लिहिलंयस, आणि मला त्या शब्दाचं खूप हसू आलं कारण ट्रिप तिथेच लपलीये. मी चहा बंद कर असं सांगणार नाही, लेडीज डब्यात पन्नास रुपयांची क्लिप घेऊ नकोस असंही नाही, असले सल्ले देणारे लोक स्वतः काय करतात देव जाणे. बारीकसारीक कापून माणूस चिडचिडा होतो आणि पंधराव्या दिवशी सगळं मोडतो. मोठं बघ. उशीर झाला म्हणून ऑफिसपासून थेट डोंबिवलीपर्यंत कॅब, शनिवार-रविवारची ऑर्डर, सेलमध्ये ‘परत करता येतं’ म्हणून मागवलेले आणि कधीच परत न केलेले कपडे. या तिघांतूनच महिन्याला ४,५०० निघतात, बाकीचे साडेसात हजार राहू देत तुला इकडेतिकडे. एसआयपीला मात्र हात लावायचा नाही, घरी अचानक लागले तर म्हणून ठेवलेत त्यांनाही नाही.

ट्रिपला किती लागतील? पॅकेज विसर आणि स्वतः जायचं धर. नेत्रावती एक्स्प्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारच्या आत सुटते, कोकणातून जाते आणि दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम (कोचीचं स्टेशन), म्हणजे एक रात्र गाडीत, तेवढी खोली वाचली. थ्री एसीने जाऊन-येऊन ५,००० बाजूला ठेव, त्यातून थोडे उरतील. पाच रात्री, दोघींत एक खोली, तुझ्या वाट्याला ६,०००. आता साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्केच आहे, तरी बुकिंग करताना ‘टॅक्स धरून का, नाश्ता धरून का’ हे दोन प्रश्न विचारायचेच. खाणं ४,५००. मुन्नारला केरळच्या एसटीने जा, मग तिथल्या जीप-रिक्षाला धरून ३,००० पुरावेत. अलप्पुळाला (अलेप्पी) रात्रभराच्या हाउसबोटीचा भाव ऐकून घाबरू नकोस, तिथे सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटी चालतात, अलप्पुळा ते कोट्टायम अशी बोट आहे, गावकरी तिने रोज ये-जा करतात, तेच बॅकवॉटर अगदी थोड्या पैशात. त्याचे आणि एखाद्या छोट्या शिकारा बोटीचे मिळून १,०००.

आणि आता ते जे कोणी धरतच नाही. जायच्या आधीची खरेदी २,०००, कारण मुन्नारला जानेवारीत चांगली थंडी असते आणि तुझ्याकडे मुंबईचं स्वेटर म्हणजे ओढणी. मसाले, केळ्याचे वेफर्स, घरच्यांना, शेजारच्या काकूंना काहीतरी, ३,०००. आणि वर अडीच हजार कशासाठीच नाही असे, चप्पल तुटते, कोणाचं पोट बिघडतं. बेरीज २७,०००.

२७,००० भागिले ४,५०० म्हणजे सहा पगार. आत्ता जुलै संपतोय, या महिन्याचा धरून डिसेंबरचा पगार हा सहावा. म्हणजे तू जानेवारीत जातेस. डिसेंबरात नाही. मला एवढंच सांगायचंय, की तुम्ही आधी तारीख ठरवलीत आणि मग पैसे शोधताय, ते उलटं कर. आणि गंमत बघ, जानेवारीतच जास्त बरं आहे. नाताळ ते एक तारीख भाव चढलेले असतात. मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाच्या भक्तांची त्या बाजूच्या गाड्यांना तोबा गर्दी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहसा मुन्नारचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद असतं, तिथल्या नीलगिरी ताहरांच्या, म्हणजे डोंगरी रानबकऱ्यांच्या, विणीचा काळ म्हणून, आणि तेवढ्यासाठी वर चढून गेलीस आणि गेट बंद दिसलं तर वैताग. राहिला कुठला आठवडा? संक्रांत झाल्यावर, सव्वीस जानेवारीच्या लाँग वीकेंडच्या आधी. १८ जानेवारीच्या आसपास निघा.

रेल्वेची तिकिटं नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच निघतात, पूर्वीसारखे १२० नाहीत. म्हणजे १८ तारखेचं तिकीट १९ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल, आणि परतीचं त्याच दिवशी नाही मिळणार, ते परतीच्या तारखेपासून मागे मोजून, म्हणजे दोन वेळा अलार्म लावायचा. आयआरसीटीसीला आधार आत्ताच जोडून ठेव, त्या दिवशी सकाळी ओटीपीशी झटापट नको. तोवर तुझ्याकडे चार पगारांचे १८,००० जमलेले असतील, त्यातून तिकीट काढायचं.

पैसे ठेवायचे कुठे. सगळे आरडी म्हणतील, म्हणजे बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, मीही एरवी म्हणते, पण इथे बसत नाही. ऑगस्टमध्ये पहिला हप्ता टाकलास तर सहा महिन्यांची आरडी फेब्रुवारीत पिकते, तू तोवर परत येऊन कामाला लागलेली असशील. पोस्टाची तर पाच वर्षांची. आणि व्याजाचा हिशोब केला तर एवढ्या पैशावर जेमतेम चार-पाचशे रुपये सुटतात, त्यासाठी अडकवून घेऊ नकोस. एक वेगळं सेव्हिंग खातं, त्याला यूपीआय जोडायचं नाही, डेबिट कार्ड घरी कपाटात आईच्या साड्यांखाली, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,५०० आपोआप तिकडे जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. महिनाअखेरीला उरलं तर टाकू म्हणशील तर काही उरत नाही, हे मी तुला सांगायला नको. गाडीतल्या बायकांची भिशी आहे म्हणालीस, वाईट नाही, पण नंबर कधी लागेल ते तुझ्या हातात नाही आणि एकीने मध्येच नोकरी सोडली की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दिवाळीचा बोनस यात धरलेला नाही मुद्दाम. आला तर हाउसबोट कर, नाही आला तर काही अडत नाही.

आता काँट्रीचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून खर्च वाटून घ्यायचं, कारण चौघीजणींत भांडण इथेच होतं. एकजण पॉइंट्स मिळतात म्हणून सगळं आपल्या कार्डावर घेते आणि परत आल्यावर दोन महिने ‘अगं तुझे बाकी आहेत’ असं आडून आडून सांगत बसते. त्यापेक्षा निघायच्या आधी प्रत्येकीने पाच-पाच हजार एकीच्या खात्यात टाकायचे, जेवण आणि गाड्या त्यातूनच, रोज रात्री झोपायच्या आधी ग्रुपवर उरलेला आकडा टाकायचा. कमी पडले तर सगळ्यांनी मिळून पुन्हा टाकायचे. आणि कोणाला कमी बजेटचं हॉटेल हवं असेल तर ते आत्ता बोलायचं, मुन्नारच्या रिसेप्शनवर उभं राहून नाही.

रविवारी ग्रुपवर स्पष्ट लिही, मला जानेवारी जमेल, डिसेंबर नाही, आणि हा माझा आकडा. लाजायचं काय त्यात, मी पैज लावते अजून एकीला तरी हायसं वाटेल. अगदीच ऐकेनात तर त्यांना जाऊ दे, तू आणि तुझी ती ठाण्याची मैत्रीण दोघीच जा, खोलीचा हिशोब मी दोघींचाच धरलाय. खातं मात्र त्यांच्या उत्तराची वाट न बघता या आठवड्यातच उघड, पगार शुक्रवारी आहे.

तुझी,
ताई