अमेरिकन फुटबॉलमधला कॉलेजचा स्टार क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य गडी) ड्राफ्टला (टीम्स कॉलेजची पोरं निवडतात तिथे) वरच्या नंबरला जाऊनही एनएफएलमध्ये (तिथली प्रो लीग) का आपटतो?

बऱ्याचदा पोरगा वाईट नसतो, त्याला घेणारी टीम भंगार असते, कारण ड्राफ्टचा नियमच असा की मागच्या सीझनला तळाला राहिलेल्याला आधी निवडायला मिळतं, म्हणजे सगळ्यात भारी पोरगा जातो सगळ्यात गळक्या घरात. २००२ चा डेव्हिड कार बघा, ह्यूस्टन टेक्सन्स तेव्हा नवीकोरी टीम, पुढे अडवणारी लाइन कच्ची, पहिल्याच सीझनला गडी ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच आडवा पाडला गेला (आजही रेकॉर्ड आहे), अशात कोण शांतपणे बॉल फेकणार. दुसरं म्हणजे कॉलेजला रिसीव्हर (बॉल झेलणारा) चक्क मोकळा सापडतो, इथे मोकळा म्हणजे हातभर जागा, तो वळायच्या आधीच बॉल सोडावा लागतो आणि स्नॅप झाल्यावर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला की) समोरचा डिफेन्स रूपच बदलतो. बरीच वर्षं रात्री जागून मॅचेस बघतोय त्यावरून सांगतो, हा डिफेन्स वाचायला शिकेपर्यंत कोणी थांबत नाही, क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड जेट्स टीमकडे फेल गेला पण २०२४ ला मिनेसोटात त्याच पठ्ठ्याने १४ मॅचेस जिंकून दिल्या. अर्थात दरवेळी टीमचाच दोष असतो असं नाही, २००७ चा पहिला पिक जमार्कस रसेल, हात म्हणजे तोफ, पण वजन आणि तयारी दोन्हीची बोंब, ३ सीझनमध्ये खेळ खल्लास.