पावसाळ्यात फिल्म वाळवायला लाल इन्फ्रारेड दिवा चालेल का?

तुमच्याकडे पाठ शेकायचा 250 वॅटचा लाल दिवा आहे, झडीत फिल्म दिवसभर ओलीच राहते, म्हणून ती दिव्यासमोर टांगू का, असं विचारलंत. फिल्म टांगू नका. कागदाचं वेगळं आहे, ते खाली सांगतो.

परभणीत आमचा स्टुडिओ होता. ज्येष्ठातल्या शेवटच्या तिथीचं लग्न, बाहेर झड लागलेली, मंडळी फोटोंसाठी दारात बसलेली. मी रोल धुऊन दिव्यापासून हातभर अंतरावर टांगला. बघता बघता वाळला, पण एका निगेटिव्हवर पाण्याचा थेंब राहिला होता, नेमका नवरीच्या गालावर. भोवतीचं जिलेटिन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, आधी आक्रसलं, थेंबाखालचं फुगलेलंच राहिलं आणि मागाहून वाळलं. तिथं उमटलेलं कडं पुन्हा धुऊनही गेलं नाही. तो फोटो परत काढता येणार नव्हता. ओलं जिलेटिन जास्त तापलं तर मऊ पडून ओघळतंसुद्धा.

म्हणून फिल्म नाही, हवा तापवा. जुनं पत्र्याचं कपाट घ्या. तळाशी दिवा, त्याचं होल्डर चिनी मातीचं, प्लॅस्टिकचं वितळतं. दिव्यावर पत्र्याचा आडोसा हवाच, कारण तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते. हवा खेळायला खाली-वर भोकं पाडा, खालच्यांवर धुळीसाठी मलमल लावा. थर्मामीटर फिल्मच्या उंचीवर टांगा आणि पारा 40 अंशांच्या आत ठेवा. 25 अंशांची दमट हवा 37 पर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. तेवढं पुरतं.

त्याआधी पाण्याकडे बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, फिल्मवर पांढरे डाग सोडतं. शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्या, म्हणजे बॅटरीत घालतो ते पाणी, आणि त्यात फोटो-फ्लो, म्हणजे थेंब न धरता पाणी निथळून जावं म्हणून घालायचं द्रावण, 200 भागांना 1 भाग. मग थेंबच राहत नाहीत.

आरसी कागद, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद, मात्र खुशाल दिव्याखाली वाळवा. आधी रबरी पट्टीनं पाणी निपटून काढा आणि दिवा दोन फुटांवर ठेवा. जवळ नेला तर प्लॅस्टिकच्या थराला फोड येतात. फायबर कागद, म्हणजे असा थर नसलेला, दिव्याखाली पापडासारखा वळतो, तो मच्छरदाणीच्या जाळीवर पालथा ठेवून रात्रभर वाळू द्या.

एप्रिल-मेमध्ये दिवा लावूच नका. तेव्हा खोलीच 40 ला टेकलेली असते.