‘ची’ला ऊर्जा म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘ॲक्युपंक्चरबद्दल मराठीत वाचताना शरीरात वाहणाऱ्या “ची”साठी कुठे प्राणऊर्जा, कुठे जीवनशक्ती असे शब्द दिसतात. ती ज्या वाटांनी वाहते त्यांच्यासाठी “मेरिडियन” हा शब्द तसाच ठेवतात आणि टोचायच्या जागेला मर्मबिंदू म्हणतात. यातलं बरोबर काय?’

आधी खुद्द ‘ॲक्युपंक्चर’ या शब्दाबद्दल. तो लॅटिन आहे, ‘सुईनं टोचणं’ एवढाच त्याचा अर्थ. नागासाकीच्या डच वखारीत राहिलेल्या व्हिलेम टेन राइने या वैद्यानं 1683 साली लंडनमध्ये छापलेल्या लॅटिन ग्रंथातून तो युरोपात रुळला. चिनी शब्द ‘झेनजिऊ’ जोडशब्द आहे: झेन म्हणजे सुई, जिऊ म्हणजे वाळवलेल्या पानांच्या कापसासारख्या वातीनं दिलेला शेक. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. लॅटिन नावात शेक गळाला आणि निम्मी विद्या नावातूनच बाहेर राहिली.

आता ‘ची’. ‘ऊर्जा’ हा शब्द चीनमधून आलेलाच नाही. विसाव्या शतकात जॉर्ज सूलिए द मोराँ या फ्रेंच मुत्सद्द्यानं ही विद्या युरोपात नव्यानं रुजवली तेव्हा त्यानं ‘ची’ला फ्रेंचमधला ऊर्जेचा शब्द लावला. तिथून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. ऊर्जा म्हटलं की आपल्याला वीज आठवते, बॅटरी आठवते, मोजमाप आठवतं. ‘ची’च्या पारंपरिक चिनी चिन्हात मात्र वाफेची खूण आहे आणि तिच्या पोटात तांदळाची. भाताच्या पातेल्यावरचं झाकण हलवणारं जे काही आहे, ते डोळ्यांसमोर आणा. चिनी वैद्यकात ‘ची’चा एक भाग जन्मतः मिळतो, एक श्वासातून येतो आणि एक थेट धान्यातून, म्हणून त्याला ‘धान्याची ची’ असंच नाव आहे.

मग ‘प्राण’ का नको? प्राण सजीवाचा असतो. ‘ची’ डोंगराला असते, ऋतूला असते. चिनीत हवामानाला ‘आकाशाची ची’ म्हणतात आणि रागावण्याला ‘ची उत्पन्न होणं’. ‘वायू’ही चालत नाही, कारण वारा हे त्या वैद्यकात रोगाचं वेगळं कारण आहे, शिवाय आपल्याकडे वायू त्रिदोषांत अडकलेला. अर्थाच्या पसाऱ्यानं सगळ्यात जवळचा मला आपला ‘हवा’ हा शब्द वाटतो. हवा श्वासातली, हवा पावसाळी, हवापालटाची हवा, निवडणुकीत एखाद्याची असलेली हवा. तरी लेखात ‘हवा’ लिहिली तर वाचक फसेल. म्हणून मी ‘ची’च ठेवीन, पण अवतरणात, कारण आपला षष्ठीचा प्रत्यय तिच्याशी लगेच गोंधळ घालतो. खरा उच्चार ‘छी’च्या जवळ जातो, पण मराठी कानाला ते कसं लागेल हे सांगायला नको.

‘मेरिडियन’चा अनुवादही त्याच सूलिएचा, आणि माझ्या मते तो जास्त नुकसान करणारा. मेरिडियन म्हणजे पृथ्वीगोलावरची कल्पित रेघ. तिच्यातून काहीही वाहत नाही. मूळ शब्द ‘जिंग’ म्हणजे मागावरचा उभा धागा, आपला ताणा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रमाणग्रंथ, म्हणून बौद्ध सूत्रांनाही चिनीत ‘जिंग’ म्हणतात. धाग्यावरून ग्रंथापर्यंत जाणारी हीच वाट आपल्या ‘सूत्र’ आणि ‘तंत्र’ या शब्दांनी धरली आहे, हे पाहून मला फार आनंद होतो. जुना शब्द आणखी एक, ‘माय’. चीनमधल्या मावांगद्वे इथल्या, इसवी सनपूर्व 168 सालच्या थडग्यात सापडलेल्या हस्तलिखितांत अशा अकरा ‘माय’ वर्णिल्या आहेत. पुढे मुख्य बारा ठरल्या. ‘माय’ म्हणजे वाहणारी नळी आणि मनगटावर लागणारा ठोकाही. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत: नाडी. योगातल्या इडा-पिंगलांशी गल्लत होऊ नये म्हणून पहिल्यांदा ‘चिनी वैद्यकातली नाडी’ म्हणा, पुढे नुसतं नाडी.

‘मर्म’ मात्र अजिबात नको. सुश्रुताची 107 मर्मं ही शस्त्रानं टाळायची ठिकाणं, काहींवर घाव बसला तर माणूस तिथल्या तिथे जातो. ज्या जागी मुद्दाम सुई घालायची तिला मर्म म्हणणं म्हणजे अर्थ उलटा करणं. चिनी शब्द ‘श्वे’, म्हणजे गुहा, बीळ. नावंही तशीच आहेत: तळपायावरचा ‘उसळता झरा’, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली ‘जुळलेली दरी’. बोटांच्या टोकांपासून कोपर-गुडघ्यांकडे जाताना जागांचे पाच वर्ग येतात: विहीर, झरा, ओढा, नदी, समुद्राशी मिळणी. ‘लिंगशू’ या प्राचीन ग्रंथात बारा नाड्यांची तुलना चीनमधल्या बारा नद्यांशी केलेली आहे. अंगावर असा सगळा मुलूख पसरलेला असताना ‘बिंदू’ फार कोरडा वाटतो. मी ‘खळगी’ सुचवीन. हाड आणि स्नायू यांच्यामधली अशी कितीतरी ठिकाणं बोटानं चाचपूनच सापडतात, आणि गळ्याची, पोटाची खळगी आपल्या बोलण्यात आहेच.

विचारलं नव्हतं तरी एक शब्द सांगतो. सुई योग्य जागी लागली की ‘ची मिळाली’ असं म्हणतात. वैद्याला गळाला मासा लागल्यासारखी ओढ जाणवते, तर रुग्णाला जे जाणवतं त्याला चार शब्द आहेत: सुआन, मा, झांग, झोंग. मा म्हणजे मुंग्या, झांग म्हणजे तटतटणं, झोंग म्हणजे जडपणा. ‘सुआन’चा कोशातला पहिला अर्थ ‘आंबट’, आणि मराठी अनुवादक इथेच अडतो. तिथे ‘वेदना’ लिहू नका. दिवसभर उभं राहिल्यावर आपण म्हणतो ना, ‘पाय आंबले’? तेच ते.