मुलाचं झाकलं आणि तिचं मात्र कमिटीत मांडलं

नगरहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. चर्चच्या महिला मंडळात बरीच वर्षं आहेत. मंडळीतल्या एका मुलीचं लग्न मोडलं, ती माहेरी आली, तेव्हा ताईंनीच कमिटीत विषय काढला की तिने आता क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनमंडळात, उभं राहू नये, साक्ष खराब होते, म्हणजे लोकांसमोर चर्चचं नाव खराब होतं. मुलीने चर्चला येणंच बंद केलं. आणि ताईंचा स्वतःचा मुलगा बंगलोरला एका मुलीबरोबर लग्नाशिवाय राहतोय, ताई सगळ्यांना रूममेट आहे म्हणून सांगतात. आता झोप लागत नाही. विचारतात, मी ढोंगी आहे का, आणि माझ्यासारखीला कृपा मिळते का.

सलाम ताई,

हो, ढोंगच आहे हे. तुम्हाला ते कळलंय म्हणून तर झोप उडालीये, त्यामुळे मी गोड बोलून ते झाकणार नाही. पण कृपा मिळते का म्हणाल तर मिळते, पूर्ण मिळते.

बायबलमध्ये लूक १८ मधला परुशी बघा, धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. तो खोटं बोलत नव्हता हो, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश द्यायचा. पण त्याच्या प्रार्थनेत मागे उभा असलेला जकातदार, ज्याला लोक पापी समजायचे, तो आला, आणि जकातदाराच्या प्रार्थनेत मात्र स्वतः आणि देव सोडून तिसरं कोणी नाही, "मज पाप्यावर दया कर", बस. तुम्ही आता काही दिवस तशीच प्रार्थना करा, त्या मुलीला "सुधार" म्हणून मध्ये आणू नका. मला वाटतं मुलाचं उघड होईल या भीतीनेच तुम्ही तिच्याबद्दल एवढ्या मोठ्याने बोललात, जिथे आपलं दुखतं तिथेच आपण दुसऱ्यावर जास्त कडक होतो.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे फुलहॅमला सिस्टर लोक, म्हणजे चर्चच्या जोगिणी, ज्यांना समाज "पतित" म्हणायचा अशा बायकांना किती मायेने सांभाळतात ते त्यांनी पाहिलं, आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. हे कशामुळे करता असं विचारल्यावर रमाबाईंना योहान ४ मधली, विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकवली गेली. पुढे केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी कृपासदन उभं राहिलं. त्या शोमरोनी बाईला पाच नवरे झालेले, आणि आता जो होता तो नवरा नव्हता. येशूने हे तिला तोंडावर सांगितलं, लपवलं नाही, पण आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं!! ज्या बाईच्या हातचं कोणी यहूदी घेणार नाही तिच्याकडे. मग पापाला पाप म्हणायचंच नाही का असं कोणीतरी विचारेलच, म्हणायचं, पण आधी तिच्या विहिरीपाशी बसायचं.

म्हणून त्या मुलीच्या घरी जा. पाळकसाहेबांना किंवा मंडळातल्या कोणाला सोबत नेऊ नका, एकट्या जा. "मी तुझ्याबद्दल कमिटीत बोलले, चुकले, मला माफ कर" एवढंच म्हणा, "माझ्या मनात तसं नव्हतं गं" हे शेपूट लावू नका. ती रागावली तर ऐकून घ्या, चहा विचारला नाही तरी चालेल, आणि "रविवारी येशील ना" असं तर अजिबात म्हणू नका, ती कदाचित दुसऱ्या चर्चला जाईल, तो तिचा हक्क आहे. आणि जे कमिटीत बोललात ते कमिटीतच मागे घ्या, तिच्या कानात माफी आणि चारचौघांत गप्प असं नको.

मुलाचं सगळं मंडळीला सांगत बसायची गरज नाही, ती गोष्ट त्याची आहे. पण रूममेट म्हणणं आजपासून बंद. कोणी विचारलं तर "बरा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा" म्हणा, खोटं पण नाही आणि बोभाटा पण नाही. आणि त्याला फोन कराल तेव्हा लग्न कधी करणार इथून सुरुवात नको ताई, त्या मुलीची आधी चौकशी करा, काय करते, कुठली आहे, तुमच्या पत्रात तिचं नावसुद्धा नाहीये. लग्नाबद्दल तुमचं मत त्याला माहीत आहे, आणि ते बदला असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी ती फोनवर आली तर तिच्याशीही बोला.