भूप आणि देसकार

चि. पोरी,

तुझं पत्र मिळालं. बी.ए.ला संगीत घेऊ का, घरचे म्हणतात गाणं काय क्लासातही शिकता येतं, असं विचारलंयस. घे. पण कशासाठी घ्यायचं ते ऐक, कारण मी चुकीच्या समजुतीनं घेतलं होतं.

मला वाटायचं, तीन वर्षं वर्गात बसलं की माणूस गवई होऊन बाहेर पडतो. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, भूप आणि देसकार या दोन रागांत फरक काय? मी घडाघडा सांगितलं. दोन्हींचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे रागांचा गट), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावलातला, वादी धैवत (ध), सकाळचा. त्यांनी मान डोलावली. "आता गाऊन दाखव." भूप बरा गेला. देसकार धैवतावर सुरू केला आणि चौथ्या आलापात गंधारावर जाऊन बसलो. झाला भूप! ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. लेखीला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते.

म्हणून लेखी बाजू फुकट आहे असं समजू नको. माझे गुरुजी "असं का?" या प्रश्नाला "असंच" म्हणायचे. संगीताचे अभ्यासक भातखंडे यांनी राग दहा थाटांत का बसवले, त्या चौकटीत कुठले राग अवघडून बसतात, बंदिश स्वरलिपीत लिहिली की तिचं काय निसटतं, हे मला विद्यापीठातच कळलं. दुसऱ्या घराण्याचं गाणं नाक न मुरडता ऐकायलाही तिथंच शिकलो. (आमच्याकडे नाक मुरडणं हाही तालमीचा भाग होता.)

पण तास घड्याळावर चालतो. तानपुरे लागेपर्यंत दहा मिनिटं जातात, मग वीसजण एका सुरात पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, म्हणतात. त्यात तुझा गंधार कुणाला ऐकू येणार? त्यासाठी समोर बसवून चूक धरणारं माणूस लागतं. तुझ्या गाण्याच्या बाई सोडू नकोस. मोठे गवई मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या, तरी ते मंजीखाँसाहेबांपुढे शिकायला बसले आणि मंजीखाँसाहेब वारल्यावर भुर्जीखाँसाहेबांपुढे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची ही दोन मुलं. शाहू महाराजांनी त्या घराण्याला आपल्या कोल्हापुरात आसरा दिला. तू याच गावात राहतेस, त्याचा फायदा घे. देवल क्लब ही गाण्याची संस्था इथं १८८३ पासून आहे. मैफल असली की जा आणि पुढं बस, मोबाईल पिशवीत ठेवून.

पैशाचं विचारलं नाहीस, पण आईला तेच विचारायचं असणार. नुसत्या मैफिलींवर घर चालवणारे थोडे. बाकीचे शिकवण्या करतात, साथ करतात, शाळेत लागतात, आणि शाळेसाठी पदवीनंतरही शिकावं लागतं. हे आईला आत्ताच सांग. गाण्याच्या विशारद पदवीपर्यंतच्या परीक्षाही चालू ठेव.

तानपुरा ॲपवरचा नको. मिरजेला सतारमेकरांकडे जाऊन जुना, दुरुस्त केलेला मिळतो का बघू, मी बरोबर येतो. तोवर माझा आहे. रविवारी सकाळी सातला ये, चहा न पिता. देसकार घेऊ. चौथ्या आलापाला मी काही बोलणार नाही, तुझं तू ऐकायचं.

तुझा,
काका